मधली पट्टी राहिली

टेबल आवरायची भिंगरीची अजिबात इच्छा नव्हती. पण "तुझ्या त्या कातड्याच्या पसाऱ्यात एक दिवस मीच हरवेन" असं आईने ऐकवलं, ते शेजारच्या खोलीतून पुन्हा एकदा ऐकवलं, तेव्हा ती उठली. कातरलेले तुकडे, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ, भोकं पाडायची आरी, चिकटवायच्या सोल्युशनची डबी, एकेक करून खोक्यात गेलं. शेवटी तिने जाडजूड शब्दकोश उचलला आणि त्याच्याखाली ती पट्टी दिसली.

करंगळीएवढी रुंद, जाड, चाकूच्या पात्याला जसा बाक असतो तशी बाकदार कापलेली. सपाट व्हावी म्हणून काल तिनेच ती शब्दकोशाखाली दाबून ठेवली होती.

ही पट्टी इथे असायलाच नको होती. ती आत्ता आत्याच्या कमरेला, म्यानाच्या आत असायला हवी होती.

भिंगरीला म्यान करायची ही पहिलीच वेळ. त्याआधी वर्षभर तिने पाकिटंच केली. शिकवलं कुणी नाही. जुन्या सोफ्याचं कातडं, बूटदुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेले तुकडे आणि फोनवर बघितलेले व्हिडिओ, एवढ्यावर तिचा कारखाना चालायचा. किल्ल्यांचं पाकीट, कात्रीचं पाकीट, आईच्या चष्म्याचं पाकीट, बाबांच्या स्क्रू-ड्रायव्हरचं पाकीट. घरात कुठलीही वस्तू जरा निवांत पडलेली दिसली की भिंगरी तिचं माप घ्यायची. शाळेच्या प्रदर्शनात तर मुख्याध्यापकांनी स्वतःहून एक पाकीट मागून घेतलं. तेव्हापासून तिची मान अशी काही ताठ झाली होती, की आई म्हणायची, "बाई, जरा वाकून चाल, पंख्याला लागेल."

पाकीट म्हणजे दोन तुकडे एकावर एक ठेवायचे आणि कडेने शिवायचे. म्यान तसं नसतं. चाकू आत सरकतो तेव्हा त्याची धार नेमकी शिवणीच्या बाजूला येते. म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये जाड कातड्याची पट्टी घालतात आणि तिच्यासकट शिवतात. धार पट्टीवर टेकते, दोरा वाचतो. हे सगळं भिंगरीला पाठ होतं. पट्टी तिने मापात कापली होती. पण मग म्यानाच्या दर्शनी बाजूला एक पान कोरायची कल्पना तिच्या डोक्यात आली, त्या पानाच्या शिरा काढता काढता दुपार गेली, आणि शिवायला बसली तेव्हा हातांनी सवयीने पाकीट शिवून टाकलं.

बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. सकाळी आत्याने ते पट्ट्यात अडकवलं, चाकू आत सरकवला, आरशात एकदा वळून बघितलं. "आता माझ्यापेक्षा माझा चाकू नटलेला," म्हणाली आणि गेली.

आणि आत्या कुठे गेली होती, तर झाडावर. तिचं कामच ते. रस्त्यावर, छपरांवर वाकलेल्या फांद्या वर बांधलेल्या दोराला लटकून छाटायच्या. फांद्या करवतीने, पण बारीक वेली, गुंतलेल्या सुतळ्या, डहाळ्या चाकूने. म्हणजे चाकू दर थोड्या वेळाने बाहेर, दर थोड्या वेळाने आत. दर वेळी शिवणीवरून धार.

चाकू अडकवायची जागा उजव्या कमरेला. आणि झाडाच्या खोडाभोवती घालून आत्याला धरून ठेवणारा दोरही त्याच बाजूच्या कडीत अडकतो, चाकूला अगदी खेटून. हे भिंगरीला माहीत होतं, कारण म्यान कुठे बसेल ते तिनेच मापलं होतं.

"आई, आत्याला फोन लाव."

"लागणार नाही. काम करताना फोन गाडीत ठेवतात ते लोक. काय झालं?"

"म्यानात चूक झालीये."

"मग संध्याकाळी आल्यावर नीट कर. त्यात काय एवढं? आधी अंघोळ, शाळेचं बघ."

"संध्याकाळी नाही चालणार."

"सगळं तुला घोड्यावर बसूनच करायचं असतं." आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने वर बघितलंसुद्धा नाही. भिंगरीने तोंड उघडलं, पण पट्टी, धार, दोर, कडी हे सगळं सांगत बसायचं म्हणजे आधी आईला म्यान समजवा, मग झाड समजवा. तेवढ्यात ती निम्म्या रस्त्यात पोचली असती. तिने पट्टी खिशात कोंबली आणि सायकल काढली.

आत्या चहा पिताना म्हणाली होती की आज वाचनालयामागचं मोठं झाड आहे, त्याची फांदी छपरावर टेकलीये. भिंगरी जिवाच्या आकांताने पेडल मारत होती आणि मनात एकेक टाका मोजत होती. दोरा जाड होता, मेण लावलेला होता. शिवण तिची दोन सुयांची, दोन्हीकडून येणारी, पक्की. एक टाका तुटला तरी उसवत जात नाही, असं तिनेच प्रदर्शनात ऐटीत लोकांना सांगितलं होतं. पण आत्याचा चाकू काही कागद कापायचा नव्हता. रोज रात्री ती त्याला दगडावर धार लावायची आणि मग हातावरचे केस कापून दाखवायची, बाबांना शिसारी येईपर्यंत.

कोपऱ्यावर सिग्नल लाल होता. भिंगरी उतरली आणि सायकल हातात धरून धावत पलीकडे गेली. कुणीतरी हॉर्न मारला. मारू दे.

वाचनालयामागे पिवळी फीत बांधलेली होती. आत फांद्यांचा ढीग, बाजूला उघड्या मागच्या भागाची गाडी आणि झाडाच्या बुंध्याशी दोरवाले काका. आत्या वर असली की खालचे सगळे दोर हेच सांभाळायचे, म्हणून त्यांचं हे नाव पडलं होतं. करवतीच्या आवाजाने कान बधिर होत होते. भिंगरीने मान वर केली. पानांच्या खूप आत एक लाल हेल्मेट आणि एक बूट, एवढीच आत्या दिसत होती.

"ए, फितीच्या बाहेर," काका ओरडले. मग ओळखून हसले. "अरेच्चा, आपली भिंगरी. शाळेला बुट्टी?"

"आत्याशी बोलायचंय."

"ती आता वरच्या मजल्यावर राहते. काय काम काढलंस?"

भिंगरी सांगणारच होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण काकांनी मध्येच हातातला दोर बुंध्याभोवती एक वळसा देऊन अडकवला आणि म्हणाले, "बाकी म्यान झकास केलंस हं. सकाळी सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. विकतचं वाटतं, अक्षरशः. ते पान तर... मी तुझ्या आत्याला म्हटलं, पोरीला माझंही माप घ्यायला सांग."

आणि भिंगरीच्या ओठांवरचे शब्द तिथेच थबकले.

"तसं काही नाही," ती म्हणाली. "घरी जरा काम होतं. ती खाली कधी येईल?"

"ही फांदी उतरली की. तातडीचं आहे का?"

"नाही. म्हणजे, हो. तशी थोडी घाई आहे."

"थोडी घाई म्हणजे कशी असते बाई ती?" काका हसले आणि पुन्हा वर बघायला लागले.

भिंगरी फितीजवळ उभी राहिली. खिशातली पट्टी तिने मुठीत घट्ट धरली होती. उतरली की हळूच बाजूला घेऊन सांगू, तिने ठरवलं. कुणाला कळायला नको. आत्या रागावेल, पण एकटीच रागावेल. म्यान परत घ्यायचं, घरी जाऊन उसवायचं, पट्टी घालून शिवायचं, झालं. इतका वेळ काही झालेलं नाही, म्हणजे आणखी थोड्या वेळात तरी काय होणार आहे. तळहाताला घाम सुटला होता, पट्टी ओलसर लागत होती. इतका वेळ काही झालेलं नाही हे तरी तिला कुणी सांगितलं होतं?

वर करवत थांबली. पानं हलली, आणि आत्या आता जरा बाजूला सरकल्यामुळे कमरेपासून वर दिसायला लागली. खोडाला टेकून ती मागे रेलली होती, सगळा भार त्या कमरेच्या दोरावर. तिचा उजवा हात सहज खाली गेला. चाकू बाहेर आला, उन्हात चकाकला. एक वेल सुटून खाली पडली. मग हात पुन्हा कमरेकडे गेला, आणि आत्याने न बघता, जशी माणसं न बघता खिशात रुमाल कोंबतात तसा, चाकू आत ढकलला. तो नीट बसला नसावा. तिने मुठीवर तळहाताने एक थाप मारली.

"काका, त्या म्यानात पट्टी नाहीये."

"काय?"

"मधली पट्टी घालायची मी विसरले. चाकूने शिवण कापली जाणार. पातं बाहेर येणार. दोराच्या बाजूनेच." आवाज तिच्या कह्यात राहिला नव्हता. मूठ उघडून तिने पट्टी पुढे धरली, जणू तिच्याकडे बघून सगळं कळणार होतं.

काकांनी पट्टीकडे बघितलं, मग वर. चेहऱ्यावरचं हसू पुसून टाकल्यासारखं गेलं. ते ओरडले नाहीत. गळ्यातली शिट्टी तोंडात धरून त्यांनी एक लांबलचक शिट्टी मारली. वरचं सगळं थांबलं.

"बाई," ते म्हणाले, मोठ्याने पण अगदी सावकाश, जणू झोपलेल्या माणसाला उठवत होते, "चाकूला हात लावू नका. वरच्या दोरावर भार घ्या. आधी भार घ्या. मग उजवीकडे बघा."

आत्याने का म्हणून विचारलं नाही. तिने डोक्यावरचा दोर धरला, ती त्यावर लोंबकळली आणि तिचे पाय खोडापासून सुटले. मग तिने मान वळवून कमरेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. खालून तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि भिंगरीला तो दिसायलाही नको होता.

आत्या हळूहळू खाली आली. पाय टेकले तसे काकांनी तिच्या कडीतला दोर सोडवला. म्यान तिने पट्ट्यासकट काढून फांद्यांच्या ढिगावर ठेवलं. पान सुंदर दिसत होतं. त्याच्या खाली, जिथे कड वळते तिथे टाके तुटले होते, कातडं तोंड उघडल्यासारखं फाकलं होतं, आणि आतून पात्याचं टोक बाहेर डोकावत होतं. काकांनी कमरेचा दोर हातात घेऊन बोटांमधून सरकवत नेला. एका जागी त्यांचं बोट थांबलं. वरची वीण कापली गेली होती. आतले पांढरे धागे कापसासारखे पिंजून बाहेर आले होते.

"थाप मारली त्याच वेळी," आत्या स्वतःशीच म्हणाली.

भिंगरीला रडू आवरेना. "आत्या, मी पट्टी कापली होती गं. अगदी मापात कापली होती. पण मग ते पान करत बसले आणि—"

"कधी आलीस तू?"

"आत्ताच."

आत्याने काकांकडे बघितलं. काका दोर गुंडाळायला लागले. त्या दोराला गुंडाळण्यासारखं काही नव्हतं.

"आल्या आल्या सांगितलंस?"

भिंगरीने नाही म्हणून मान हलवली. "काका म्हणाले म्यान छान झालंय. सगळ्यांना आवडलंय म्हणाले. म्हणून मग मी..."

आत्या ढिगाच्या कडेला बसली. हेल्मेट काढून तिने केस मागे केले. दोन्ही हात तिने गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"पट्टी विसरलीस त्याचं सोड," ती शेवटी म्हणाली. "मीसुद्धा चाकू घालण्याआधी आत बोट फिरवून बघायला हवं होतं. नाही बघितलं, पान बघत बसले. पण तू इथे उभी होतीस. खाली. आणि मी तिथे होते."

एवढंच. यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आत्याने चाकू मुठीच्या बाजूने तिच्या हातात दिला. "तो दोर काप."

"कशाला? एकाच ठिकाणी तर—"

"एकदा कापला गेलेला दोर आम्ही ठेवत नाही. गाडीत राहिला तर उद्या कुणीतरी चुकून बांधून घेतं. हातभर लांबीचे तुकडे कर. कुणाच्या कामाला येता कामा नये."

भिंगरी जमिनीवर बसली आणि कापायला लागली. चाकू सहज जात होता. लोण्यातून जावा तसा. दोराचा एकेक तुकडा बाजूला पडत होता आणि ती प्रत्येक वेळी मनात म्हणत होती, हा आत्याचं वजन पेलत होता.

तोवर काकांनी गाडीतून दुसरा दोर आणला. तो दोघांनी मिळून टोकापासून टोकापर्यंत तपासला. आत्याने कमरेला चाकूऐवजी हातकरवत लावली, मोठी यांत्रिक करवत होतीच. फांदी निम्मी कापलेली होती, ती तशी छपरावर सोडून जाता येत नव्हती. म्हणजे पुन्हा वर चढणं आलंच.

"मी घरी जाऊ?" भिंगरीने विचारलं.

"शाळा तर बुडालीच," आत्या म्हणाली. "थांब इथे. काकांशेजारी उभी राहा आणि वर बघ. काही दिसलं तर बोल."

"काय दिसलं तर?"

"काहीही."

आत्या वर गेली. पानांमध्ये आधी कंबर दिसेनाशी झाली, मग हेल्मेट, मग नुसता बूट. भिंगरी मान मागे टाकून बघत राहिली. डोळ्यांत कचरा पडत होता, तरी तिने पापणी मिटली नाही.

"आत्या, डाव्या बाजूची फांदी हलतेय."

"हलू दे. माझाच पाय आहे तिच्यावर."

थोड्या वेळाने, "आत्या, उजवीकडे काहीतरी लोंबतंय."

"वेल आहे ती. बघितली."

काकांनी घसा खाकरला. भिंगरीचे कान लाल झाले होते. आपण मूर्खासारखं बोलतोय हे तिला कळत होतं. वाचनालयाच्या खिडकीत दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली होती आणि त्यांनाही हे सगळं ऐकू जात होतं. मान दुखून आली होती. करवत पुन्हा सुरू झाली. तिच्या आवाजावर जाईल एवढा आवाज काढायला तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"आत्या, दोराला पीळ पडलाय. खोडामागे. तुला दिसणार नाही तिथून."

करवत थांबली. मग पानं सळसळली, बूट एका बाजूला सरकला, आणि खोडामागून एक हात आला, दोर चाचपून बघणारा.