पळस्प्याची वाकडी भिंत

आनंदा मिस्त्रीने कालच केलेला गिलावा आज स्वतःच्याच हाताने फोडायला घेतला. ही तिसरी खेप. छिन्नीवर ठोका बसला की खपली सुटे, आतली वीट दिसे, आणि वीट दिसली की त्याच्या तोंडात शिवी येई. ती तो गिळत होता, कारण मागे खुर्ची टाकून अब्दुल्ला शेठ बसले होते.

पळस्पे फाट्यावर, गोव्याच्या रस्त्याकडे तोंड करून शेठचं हॉटेल उभं राहत होतं. शेठ पनवेलचे, उमेदीची वीस वर्षं त्यांनी बोटीवर खानसामा म्हणून काढली. कॅलिफोर्नियाच्या एका बंदरात त्यांनी एक जुनं हॉटेल पाहिलं आणि त्र्याहत्तर सालापासून त्याचा फोटो पाकिटात बाळगला. जाड पांढऱ्या भिंती, कमानींची ओसरी, लाल कौलं, वर घंटेसाठी खिडकी ठेवलेली भिंत. अरबांनी कमान स्पेनात नेली, तिथल्या पाद्र्यांनी ती अमेरिकेत नेली आणि फोटो घेतल्याला वीस वर्षं झाली, आता मी ती पळस्प्यात आणतोय, असं ते येईल त्याला सांगत. कमानींचं काही अडलं नव्हतं. आनंदा मिस्त्रीने त्या अशा काढल्या होत्या की शेठ दोन दिवस हसतमुख होते. घोडं पेंड खात होतं ते गिलाव्याशी.

शेठना भिंत वाकडी हवी होती.

वाकडी म्हणजे पडकी नव्हे, ते समजावत. हाताने लिंपल्यासारखी, कुठे फुगीर, कुठे खोल, उन्हात सावल्या धरणारी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण सरळ होतं हीच तक्रार. आनंदा मिस्त्रीने गिलावा सपाट करायचा रंधा तिरका धरला, डाव्या हाताने थापी मारून पाहिली. पण पंचवीस वर्षांचा हात आपोआप सरळ जाई, आणि मुद्दाम केलेला वाकडेपणा शेंबड्या पोरालाही ओळखू येई. ज्याचा ओळंबा तालुक्यात नावाजलेला, त्याला आता साधा गिलावा जमेना, असं मजूर आपसात बोलू लागले. शुक्रवारपर्यंत झालं नाही तर मुंबईचा कारागीर आणतो, असं शेठनी सांगितलं. त्या दिवशी आनंदा जेवला नाही.

त्या तिरमिरीतच त्याने घमेली वाहणाऱ्या चिंगी कातकरणीला मागच्या न्हाणीघराच्या भिंतीवर पहिला थर थापायला लावलं. वरचा हात तो स्वतः मारणार होता. चिंगीकडे थापी नव्हती. झोपडीचा कूड लिंपावा तसा तिने तळव्याने माल थापला, बोटांनी पसरला. संध्याकाळी शेठ मागे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आनंदा बघायला गेला, तर ते फोटो भिंतीशेजारी धरून उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"हेच, मिस्त्री. इतके दिवस हा हात कुठे लपवला होतात?"

चिंगी लांब विहिरीवर पाय धूत होती. आनंदाने तिच्याकडे पाठ फिरवली आणि दर्शनी भिंतीलाही असंच होईल, एवढं म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस शेठ परवान्यासाठी अलिबागच्या खेपा घालत राहिले, तेवढ्यात चिंगीने दर्शनी भिंत पुरी केली. वरचा हात कधी मारणार, असं तिने दोनदा विचारलं. वाळू दे, म्हणून त्याने टाळलं. दिवाळी झाली तशी ती नवरा-पोरांसह वीटभट्टीवर निघून गेली. भिंतीवर वरून फक्त चुना बसला.

उद्घाटनाला शेठनी दुवा करवली आणि इकडच्या रिवाजाप्रमाणे मिस्त्रीला टोपी, उपरणं, नारळ दिला. चार लोकांत सांगितलं, की फोटोतली भिंतही पाद्र्यांनी लिंपली नव्हती. तिथल्या आदिवासींनी लिंपली, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

"आमच्या मिस्त्रीचं नाव मात्र मी दारात दगडावर कोरून घेणार, इन्शाल्ला."

टाळ्या पडल्या. आनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठचाही राग आला. एवढी भिंत निरखली या माणसाने, तळवे केवढेसे उमटलेत ते दिसलं नाही?

दुसऱ्या दिवशी नारळ पिशवीत घालून तो एसटीने भट्टीवर गेला. चिंगी खड्ड्यात चिखल तुडवत होती. त्याला बघून ती जागीच थांबली.

"भित पडली काय, मिस्तरी?"

"नाय."

"मंग? वरचा हात मारलास ना तू?"

"नाय मारला. तुजीच हाय तशी."

त्याने नारळ पुढे धरला. चिंगीने हात लुगड्याला पुसले, पण पुढे केले नाहीत. आनंदा खाली बसला, नारळ तिच्यासमोर विटेवर ठेवला, आणि खिशातून सुताराची पेन्सिल काढली.

"दगडावर नाव कोराचा हाय," तो म्हणाला. "तुजा आडनाव काय?"