कमरेमागची खोळ

मी खोळ बोलतेय. उशीची नव्हे, गादीचीही नव्हे, पिस्तुलाची. साहेबलोक मला होल्स्टर म्हणतात. पण ज्याच्या कमरेला मी चिकटून राहिले तो महादू कोकणातल्या खेड तालुक्यातला, त्याच्या जिभेला तो शब्द कधी वळला नाही. तो खोळ म्हणायचा, मीही तेच नाव लावते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझा तर जन्मच झाकण्यासाठी. आमच्या जातीत जी कुणाला दिसली नाही ती गुणाची, आणि जी दिसली तिची अब्रू गेली. माझी एकदा जाता जाता राहिली. तेच सांगायला बसलेय.

महादू फौजेतून हवालदार म्हणून सुटला आणि आखातात फुजैराला एका अरबाच्या घरी ड्रायव्हर म्हणून लागला. तिकडे मालकाला अर्बाब म्हणतात. या अर्बाबचा धंदा समुद्रात उभ्या राहिलेल्या जहाजांना तेल पुरवायचा. १९९४ साली त्याचं भागीदाराशी फाटलं. भागीदारानं जाता जाता निरोप ठेवला, की तुझी मुलगी कुठल्या शाळेत जाते ते मला माहीत आहे. मुलगी मोझा, तेव्हा सहा वर्षांची. अर्बाबच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं खटपटी करून महादूसाठी पिस्तुलाचा परवाना मिळवला आणि त्याला बैठकीत समोर बसवून बजावलं.

"महादू, ये चीज किसी को दिखना नहीं. एक आदमी भी कंप्लेंट किया तो परमिट खलास. तुम इंडिया वापस. फिर मेरा बेटी के साथ कौन जाएगा? और मोझा को भी मालूम नहीं पड़ना. बच्ची डर जाएगी."

मी तेव्हा जन्मले नव्हते. पण मला खोबरेल तेल लावताना महादू हे इतक्यांदा पुटपुटायचा, की मला ते पाठ झालंय.

अर्बाबनं परदेशातून तीन खोळी मागवल्या होत्या. महादूनं खोलीला कडी घालून आरशासमोर तिघींची परीक्षा घेतली. पहिली काखेतली. तिच्यावर कोट हवा. फुजैराच्या ऑगस्टात कोट घालून हिंडणारा माणूस एक तर वेडा, नाही तर बंदूकवाला, हे कुणीही ओळखील. दुसरी पट्ट्याला बाहेरून लटकणारी. शर्टाखाली नारळ लपवल्यासारखा फुगवटा यायचा. तिसरी घोट्याला बांधायची, ती महादूच्या मनात भरली होती. पण अर्बाबच्या बैठकीत बूट दाराशी काढून खाली मांडी घालून जेवायचं असतं. मांडी घातली की पँट वर, आणि घोट्यावरची पाहुणी सगळ्यांसमोर हजर! जिथे ती शिवली गेली तिथले लोक खुर्चीवर बसून जेवतात, तिचा तरी काय दोष?

मग महादू बाजारातल्या वलीकडे गेला. वली पेशावरकडचा. शिकारीसाठी पाळलेल्या ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या कातडी टोप्या शिवायचा. ती टोपी पक्षी फडफडला तरी सुटता कामा नये, आणि मालकानं एका हातानं ओढली की चटकन निघाली पाहिजे. पिस्तुलाच्या खोळीचं तरी दुसरं काय असतं?

पिस्तूल बाजारात न्यायची सोय नव्हती, म्हणून महादूनं त्याच्या मापाचा लाकडी ठोकळा करून नेला होता. वलीनं तो हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, "दिनभर जो करते हो, सब करके दिखाओ."

महादूनं दाखवलं. स्टुलाला गाडी समजून आत बसला, उतरला. शाळेचं दप्तर उचलायला फौजी पद्धतीनं ताठ कमरेनं खाली गेला, वर आला. मांडी घालून जेवला. वली नुसता बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "नमाज पढ़ते हो?"

"नहीं भाई, हिंदू हूँ."

"तो झुकना नहीं पड़ता. फिर पीछे लगाता हूँ, कमर के बीच में, पँट के अंदर. सबसे कम वहीं दिखेगा. लेकिन गाडी में चुभेगा."

"चुभने दो," महादू म्हणाला. "दिखना नहीं चाहिए."

दोघंही शहाणे, दोघंही अनुभवी. आणि दोघंही तिथेच चुकले. माणूस जे विचार करून करतो ते त्याला दाखवता येतं. जे अंगवळणी पडलेलं असतं, ते त्याच्या ध्यानातच येत नाही.

उंटाचं कातडं भिजवून वलीनं ते ठोकळ्यावर दाबून बसवलं, आरीनं भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलं, पाठीवर लोखंडी क्लिप बसवली. अशी मी झाले. दिसायला काळी, चपटी, कुणाची दृष्ट लागावी असं माझ्यात काही नाही. महादूनं मला पहिल्यांदा कमरेमागे खोचलं तेव्हा त्याचा श्वास अडकला होता. तो पुढे कधी पुरता मोकळा झाला नाही.

गाडीत मी त्याला खरंच टोचायचे. त्यामुळे तो ताठ बसायचा, अवघडून उतरायचा. कुणी विचारलंच तर "कंबर धरलीय" म्हणायचा. अर्बाबच्या कंपनीतले इंजिनिअर राहुल आणि त्यांची बायको विनिता ही तिथली ओळखीची मराठी माणसं. विनितानं बिचारीनं त्याला दोनदा कमरेला चोळायला तेल पाठवलं. ते तेल मला लागलं. घमघमाट अजून अंगात आहे.

रोज सकाळी मोझाला शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं. फाटकाशी एखादी काळ्या काचांची गाडी उगाच रेंगाळताना दिसली, की महादूचा हात मागे यायचा आणि शर्टावरून मला चाचपायचा. त्याचा तळहात घामानं थंड झालेला मला कळायचा. गाडी निघून जायची, हात खाली यायचा. माझ्या पोटातलं पिस्तूल कामासाठी म्हणून एकदाही बाहेर आलं नाही. पण न आलेल्या संकटाचीही राखण करावी लागते आणि त्यानं माणूस झिजतो, हे मी त्याच्या पाठीवर राहून पाहिलंय.

मोझा मात्र खट्याळ. महादू गाडीतून उतरला की मागून येऊन त्याचा शर्ट ओढायची आणि पळायची. "ए शैतान!" म्हणत तो हसायचा. मलाही ती पोरीची खोडीच वाटायची.

दोन वर्षं अशी गेली. राहुल-विनिताची शुभ्रा मोझाच्याच वर्गात होती. तिच्या वाढदिवसाला मोझाला बोलावणं आलं आणि तिच्याबरोबर आम्ही दोघं निघालो, महादू आणि मी.

फ्लॅट लहान, माणसं फार. महादू नेहमीसारखा भिंतीला पाठ लावून दाराशी उभा राहिला. समोरच्या सोफ्यावर साजिदा बसली होती. तिची मुलगीही त्याच वर्गात, आणि नवरा त्या फुटलेल्या भागीदाराच्या ऑफिसात कामाला. तिला बघताच महादूची पाठ भिंतीला आणखी चिकटली. मी चिरडलेच म्हणा ना. हिनं पाहिलं तर संध्याकाळपर्यंत बातमी भागीदाराकडे पोचणार, दुसऱ्या दिवशी तक्रार, आणि तिसऱ्या दिवशी मोझा शाळेच्या फाटकाशी एकटी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून राहुलची आई बाहेर आली. मुक्ताबाई, दापोलीहून पहिल्यांदाच आलेल्या.

"खेडचा तो तूच का रे? विनिता म्हणाली मला. मग दारात काय उभा परक्यासारखा? ये, इकडे ये, बघू तरी."

महादूची आई आदल्याच वर्षी गेली होती, आणि परवाना त्याच्या एकट्याच्याच नावावर असल्यानं त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तसा आवाज, तसं हाक मारणं त्यानं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. भिंत सोडून तो खोलीच्या मधोमध आला. त्याची पाठ साजिदाकडे झाली. आणि जित्याची खोड म्हणतात तसा, डोक्यात काही विचार यायच्या आत, तो मुक्ताबाईंच्या पाया पडायला वाकला.

शर्ट वर सरकला. मला उजेड लागला.

दोन वर्षांत एवढा उजेड मी पाहिला नव्हता. ट्यूबलाइटचा तो पांढरा प्रकाश, पंख्याचा वारा, आणि माझ्या तोंडातून डोकावणारी पिस्तुलाची मूठ. महादूलाही वारा लागला असणार. तो वाकल्या जागीच दगड झाला. उठावं तरी पंचाईत, न उठावं तरी पंचाईत.

मागून एक इवलासा हात आला आणि त्यानं शर्ट झर्रकन खाली ओढला. त्याच वेळी वरून दुसरा हात पडला, सुरकुतलेला, काकणांचा. आशीर्वादाला आलेला तो हात माझ्यावर टेकला, आतलं लोखंड त्याला लागलं आणि तो क्षणभर थिजला. मला वाटलं, आता म्हातारी किंचाळणार!

हात उचलला गेला नाही. उलट शर्टावर घट्ट दाबून बसला.

"कंबर धरलीय ना तुझी? मग असा धाडकन काय वाकतोस? हळू ऊठ बाबा, हळू."

सोफ्यावरून साजिदानं मान वर केली. "क्या हुआ? कमर में कुछ बाँधा है क्या?"

मुक्ताबाईंचं हिंदी जेमतेम. पण अडली नाही बाई. "पट्टा है, पट्टा. डॉक्टरने दिया."

साजिदा बघत राहिली. मी श्वास धरला, असं खोळीला म्हणता येत असेल तर धरला. मग ती म्हणाली, "मेरे मियाँ को भी है. गरम रेत से सेंको, आराम मिलेगा," आणि पुन्हा आपल्या बशीतल्या केककडे वळली.

मुक्ताबाईंनी महादूला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"खरं सांग. कुणाला मारायला बाळगतोस हे?"

"मारायला नाही हो आई. त्या पोरीला कुणी हात लावू नये म्हणून."

त्यांनी दाराच्या फटीतून फुगे फोडणाऱ्या मोझाकडे पाहिलं. मग बशीत दोन पुऱ्या आणि श्रीखंड वाढून त्याच्या हातात दिलं. "खा. आणि यापुढे मला लांबूनच नमस्कार कर."

पण महादूनं बशी तशीच ओट्यावर ठेवली. म्हातारीनं झाकलं, ते खरं. तो इवलासा हात कुणाचा होता, ते त्यालाही कळलं होतं आणि मलाही. ज्या पोरीपासून लपवायचं तिनंच पाहिलं होतं.

परतताना गाडीत आरशात बघत त्यानं विचारलं, "मोझा, तुमने कुछ देखा?"

"तुम्हारा शर्ट ऊपर जाता," मोझा फुग्याचा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली. "मैं रोज नीचे करती."

"रोज?"

"स्कूल में. तुम गाडी से उतरता, तब."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी आमची गत. आम्ही जिला खोडी समजत होतो, ती पोरीची राखण होती.

"कब से मालूम है?"

"जब बाबा तुमको बोला. मैं परदा के पीछे थी."

"तो बोला क्यूँ नहीं, बेटा?"

"मैं बोलती तो तुम इंडिया वापस," ती म्हणाली. "खलास."

महादूनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. समुद्रात जहाजं उभी होती. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मी पाठीशीच होते, मला प्रत्येक हुंदका कळत होता.

ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी खोटं कसं वागायचं? त्यानं त्याच संध्याकाळी अर्बाबला सगळं सांगितलं आणि त्याच्याकडे ठेवलेला आपला पासपोर्ट मागून घरी परतायची तयारी ठेवली. अर्बाबनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "दो साल चुप रही?" त्यानं विचारलं. "मेरे घर का सबसे छोटा आदमी?" मग म्हणाला, "कल से लंबा शर्ट पहनो. यल्ला, जाओ."

दुसऱ्या दिवशी वलीनं क्लिप उसवून मला कमरेच्या बाजूला आणलं. "तुमने तो बोला था झुकते नहीं," तो कुरकुरला.

"बुजुर्गों के लिए झुकते हैं."

"वो तो सब झुकते हैं यार. मैंने ही नहीं पूछा." त्यानं मजुरी घेतली नाही.

त्यानंतर मी कधी उघडी पडले नाही. आणखी काही वर्षांनी भागीदार देश सोडून गेला, भीती संपली, पिस्तूल पोलिसांकडे जमा झालं. मी रिकामी राहिले. २००२ साली महादू कायमचा घरी निघाला, तेव्हा माझं काय करायचं हा प्रश्न आला. विमानतळावर नुसती खोळ दिसली तरी लोक आधी बंदूक कुठे आहे ते विचारणार. मोझानं मला मागून घेतलं.

आता मी तिच्या पर्समध्ये असते. माझ्या पोटात तिचा चष्मा. जिथे लोखंड होतं तिथे काच आहे, तेव्हा मी पूर्वीपेक्षा जास्त जपून असते. तुमच्या ओळखीत कुणी कायम ताठ चालणारा, कंबर धरल्याचं सांगणारा माणूस असेल, तर त्याला खोदून विचारू नका. त्याचा शर्ट वर गेला असेल तर खाली ओढा आणि पुढे चालू लागा. माझं मागणं एवढंच.

महादू निघाला त्या दिवशी शारजाच्या विमानतळावर मी तिच्या पर्समधून सगळं पाहिलं. चौदा वर्षांची, काळ्या अबायातली मोझा त्याच्यापासून दोन पावलांवर उभी होती. मग तो बॅग उचलायला खाली वाकला आणि त्याचा शर्ट वर सरकला. कमरेमागे काहीच नव्हतं, फक्त माझ्या क्लिपनं पाडलेला जुना काळा वण होता.

मोझा पुढे झाली आणि तिनं शर्ट खाली ओढला.