इशाऱ्याचे थेंब

प्रयोगशाळेत धाकटीचा दिवस स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची मर्जी राखण्यात जाई. या पेशी मोठ्या लबाड. त्यांना पोसणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन बाहेरून तोडलं, की दुसऱ्याच एका हार्मोनचा इशारा मिळताच ते घरच्या घरी बनवू लागतात आणि त्यावर पोसतात. तो इशारा अडवणारं औषध धाकटीने पेशी वाढवायच्या बशांत घातलं, आणि पेशींची वाढ थांबली. कौतुक करताना दाढ दुखल्यासारखा चेहरा करणारे विभागप्रमुखसुद्धा "वा" म्हणाले.

तो "वा" तिने घरी नेला. थोरल्या बहिणीला, ताईला, हाच आजार. नेहमीच्या गोळ्यांना तो जुमानेनासा झालेला. डॉक्टर केमोसाठी मागे लागले होते.

"तुझं औषध येतंय ना? मग मी कशाला टक्कल करून घेऊ?" ताई म्हणाली.

धाकटी नुसती हसली. घरच्या शास्त्रज्ञाचं हसू म्हणजे घरच्यांना लेखी हमीच.

माणसांवर चाचणी सुरू होण्याआधी पडताळा म्हणून तिने प्रयोग पुन्हा मांडला. औषध घातलेल्या बशांतही पेशी झकास माजल्या. गोगलगाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मदतनिसाला तिने गाठलं.

"मागच्या वेळी औषधाच्या बशांत इशाऱ्याचं हार्मोन घातलं होतंस ना?"

"मी? ते तुम्ही घातलंय असं धरून मी नुसतं औषध घातलं. तुमची ताई चक्कर येऊन पडली म्हणून तुम्ही अर्ध्यातून पळालात. उरलेलं बघ म्हणालात."

पाण्यासारखे बिनरंगी थेंब; पडले की नाही, बघून कुणाला कळणार? पेशींना इशाराच पोचला नव्हता, म्हणून त्यांनी इस्ट्रोजेन बनवलं नव्हतं. औषधाने काडीचंही काम केलं नव्हतं.

ती इस्पितळात पोचली तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती, डोळे पिवळे झालेले. रोग यकृतात उतरला होता. आता केमो झेपायची नाही, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते.

"आलं का गं औषध?"

धाकटीने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्यासाठी धावलीस, तेवढ्यात घोळ झाला?"

"हो."

"आणि धावली नसतीस तर?"

"औषध कुचकामी आहे हे तेव्हाच कळलं असतं. तू केमो घेतली असतीस."

पांघरूण सारखं करायला धाकटीने हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाली. "आता तू काही करू नकोस."