मास्तरांच्या गाडीतला आवाज

"फिरव," मास्तर म्हणाले.

मिस्त्रीनं जॅकवर उचललेल्या गाडीचं पुढचं डावं चाक हातानं फिरवलं. चाक गरगर फिरलं आणि मुकाट थांबलं. ना खट्ट, ना खुट्ट. मिस्त्रीनं ते वरखाली हलवून पाहिलं, आडवं हलवून पाहिलं, वाकून कान लावला आणि मग फडक्याला हात पुसत सांगून टाकलं, की ह्या चाकात आता बघायचं काही उरलेलं नाही. बेअरिंग नवं, पॅड नवे, सगळे नट आवळलेले. ह्याच्यापुढे फक्त गाडीच बदलायची राहिली.

मास्तरांनी खटला जिंकल्यासारखं लेकीकडे पाहिलं. ती गॅरेजच्या दाराला टेकून, हाताची घडी घालून उभी होती.

"मग मी काय स्वप्नात ऐकते?" ती म्हणाली.

"तसं कोण म्हणतंय? खड्ड्यात आपटलीस की आवाज येणारच. खड्डे बघून चालव."

ह्या वाक्याला उत्तर देणं लेकीनं केव्हाच सोडून दिलं होतं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाला स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलं होतं. डॉक्टर, दुकानदार, नव्या सुना, निवृत्त झाल्यावर हौस आलेले आजोबा, सगळे त्यांच्या उजव्या हाताला बसून घामाघूम झालेले. मास्तर स्वतः कायम डावीकडच्या सीटवर. तिथं त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, शिकवणाऱ्याच्या गाडीत असतो तसा. सकाळी पहिला विद्यार्थी त्यांना घरून घेऊन जायचा आणि संध्याकाळी शेवटचा आणून सोडायचा. गाडी शिकवण्यात हयात गेली, पण स्वतः गाडी चालवायची वेळ ह्या माणसावर सणासुदीलाही येत नसे, असं त्यांची बायको म्हणायची.

आता त्यांनी शिकवणं बंद केलं होतं. गुडघे कुरकुरत होते आणि हल्लीची पोरं ऐकून घेत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. गाडी लेकीला द्यायची हे वर्षापूर्वीच ठरलेलं. लेक नर्स होती. डोंगरापलीकडच्या एका गावात तिला नोकरी लागली होती आणि तिथं दोन दवाखाने आलटून पालटून सांभाळायचे होते. त्या दोन दवाखान्यांमधल्या रस्त्याला बस नव्हती. सोमवारी हजर व्हायचं होतं. गाडी असली तर नोकरी, नाही तर ती दुसऱ्या कुणाला, असं तिकडच्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं.

आणि नेमका आत्ता हा आवाज निघाला होता. लेक एकटी गाडी घेऊन निघाली, की खराब रस्त्यावर डाव्या चाकातून खडखड, खडखड, डब्यात सुट्टे स्क्रू हलवावेत तसा. मास्तर शेजारी बसले की काही नाही. मिस्त्री चालवायला बसला की काही नाही. अर्थात मिस्त्री चालवायला बसला तरी मास्तर डावीकडे हजर असायचेच. माझी गाडी आहे, मी तुझ्या हातात एकटी सोडणार नाही, हे ते पाहुण्यासमोरही बोलून दाखवायचे. मिस्त्रीला त्याचं काही वाटत नसे. मास्तरांची गाडी तो पहिल्यापासून बघत होता. तिचे ब्रेकचे पॅड इतर गाड्यांपेक्षा लवकर झिजतात, ती जरा जड चालते, हे त्याला पाठ होतं. शिकाऊ पोरं ब्रेकवर पाय देऊन बसतात, असं मास्तरांनी त्याचं कारण सांगितलं होतं आणि ते कुणालाही पटण्यासारखं होतं.

त्या दिवशीही गॅरेजमधून परत येताना लेकीनं मुद्दाम बाजारामागच्या उखडलेल्या रस्त्यानं गाडी घातली. मास्तर शेजारी. गाडी साऱ्या रस्त्यात अगदी शहाण्या मुलासारखी चालली.

"ऐकलास आवाज?" मास्तरांनी विचारलं.

लेकीनं ओठ आवळले. तिला रडू येत होतं ते रागाचं होतं.

रात्रीची जेवणं होत आली तरी विषय तोच. मास्तरांनी निकाल दिला, की ह्या गाडीत आवाज नाहीच, हा मनाचा भास आहे. पण तिला तो ऐकू येतोय तोवर गाडी द्यायची नाही. घाटाचा रस्ता आहे, उगाच काही झालं तर जन्माचा घोर.

मास्तरांची बायको आमटी वाढता वाढता थांबली. म्हणाली, "आवाज नाही म्हणता, आणि आवाज गेल्याशिवाय गाडी देणार नाही म्हणता. मग तो जायचा कुठून?"

"तू मध्ये पडू नकोस. तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. पण मी मागे बसून ऐकलाय तो. परवा दोघी दवाखान्यात गेलो तेव्हा सगळ्या रस्त्यात चालू होता." तिनं वाडगं खाली ठेवलं. "तुम्ही गाडीत असलात की तीसुद्धा गप्प बसते. घरातल्यांसारखी."

लेक हसली नाही. मास्तरही हसले नाहीत. मग मास्तरांनी ते जुनं फाटकाचं प्रकरण काढलं. ते निघणारच होतं. लायसन्स मिळाल्यावर लेकीनं पहिल्यांदा गाडी एकटीनं बाहेर काढली आणि परत येताना सरळ घराच्या फाटकावर नेऊन घातली, ही गोष्ट मास्तर नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि नव्या विद्यार्थ्यांना चवीनं सांगत. माझ्याकडे इतके दिवस शिकली, परीक्षेआधी एकदाही चुकली नाही, आणि एकटी सोडल्याबरोबर फाटक. त्या फाटकाचा एक गज अजून वाकडा होता. तो सरळ करायला मास्तरांना कधी वेळ मिळाला नव्हता.

लेक ताटावरून उठली. "मला नको तुमची गाडी," ती म्हणाली. "मी त्यांना कळवते, येत नाही म्हणून." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

मास्तर बराच वेळ रिकाम्या ताटात बोट फिरवत बसले. त्यांना लेकीनं जावं असं वाटत होतं आणि जाऊ नये असंही. ह्यातलं कुठलं जास्त, हे त्यांना विचारलं असतं तर ते चिडले असते. त्यांना एवढंच कळत होतं, की एका फालतू खडखडीपायी घराची शांतता गेली आणि ती खडखड त्यांना ऐकूसुद्धा येत नाही.

सकाळी ते एकटेच गॅरेजवर गेले आणि मिस्त्रीवर उखडले. एवढ्या वर्षांचा धंदा तुझा, एक आवाज सापडत नाही. मिस्त्रीनं शांतपणे ऐकून घेतलं. मिस्त्री हा चहा गार झाला तरी चिडत नाही असला माणूस. तो म्हणाला, आत बसून सगळं झालं मास्तर, आता बाहेरून बघतो. तुम्ही दोघं गाडीत बसा, पोरीला चालवू दे, मी मागून स्कूटरवर येतो. चाक वाकडं पळतं का, काही लोंबतंय का, ते मागूनच दिसतं.

लेक यायला तयार नव्हती. शेवटी तिच्या आईनं तिला हाताला धरून गाडीपर्यंत आणलं.

बाजारामागचा तोच रस्ता. लेक चालवत होती आणि समोर बघत होती. मास्तर डावीकडे नेहमीसारखे ताठ बसलेले. मागे मिस्त्रीची स्कूटर फटफटत होती. गाडी खड्ड्यांतून वरखाली होत गेली, आवाज काही नाही. रस्ता संपला तिथं वडाखाली लेकीनं गाडी थांबवली. मिस्त्री स्कूटर लावून तिच्या खिडकीशी आला. त्याच्या कपाळाला आठी होती.

"पोरी, तू सारखा ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस?"

"नाही काका."

"मग मागचे लाल दिवे सगळ्या रस्त्यात पेटलेले कसे? एकदाही विझले नाहीत."

लेकीनं त्याला दाखवायला म्हणून आपला उजवा पाय उचलला आणि पार सीटजवळ ओढून घेतला. मिस्त्री मागे जाऊन बघून आला. दिवे पेटलेलेच होते. तो खिडकीतून आत वाकला. त्यानं लेकीच्या पायांकडे पाहिलं आणि मग तिच्या पलीकडे. तेव्हा लेकीनंही तिकडे पाहिलं.

मास्तरांचा चपलेतला पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. दाबलेला नव्हता. नुसता टेकलेला, पायरीवर टेकावा तसा.

मास्तरांनीही खाली पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थ्यानं गाडी भिंतीला घासून नेली होती, तेव्हापासून ते जरा सावध बसत. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण हे फुंकणं इतकं अंगवळणी पडलंय, की पाय तिथं आहे हेच कळत नाही, ह्याचा त्यांना पत्ता नव्हता.

"काखेत कळसा न् गावाला वळसा," मिस्त्री म्हणाला. तो हसला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

मग त्यानं मास्तरांना खाली उतरायला सांगितलं. मास्तर उतरले. मिस्त्री त्यांच्या जागी बसला आणि त्यानं दोन्ही पाय मागे ओढून घेतले. लेकीनं गाडी वळवली. मास्तर वडाखाली उभे राहिले आणि गाडी त्यांच्या पुढ्यातून त्याच खड्ड्यांतून गेली. खडखड, खडखड, खडखड. लांब जाईपर्यंत ऐकू येत होती. चार माणसांनी वळून बघावं इतकी ती मोठी होती.

बिघाड अगदी किरकोळ निघाला. ब्रेकचे पॅड घट्ट धरून ठेवणारी पत्र्याची एक बारकी स्प्रिंग असते. ती जागेवर होती, म्हणून पॅड बदलताना मिस्त्रीनं तीच परत लावली होती. पण तिच्यातला ताण गेला होता. त्यामुळे पॅड आतल्या आत सैल हलत होते. ब्रेकला जरा पाय लागला की ते दाबले जाऊन गप्प बसायचे. मिस्त्रीनं दुसरी स्प्रिंग शोधून बसवली आणि चूक माझीही आहे, असं आपणहून म्हणाला. मास्तरांना त्याचा आधार वाटायला हवा होता. वाटला नाही.

लेक गॅरेजच्या ओट्यावर बसली होती. मास्तर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. बोलायचं म्हणून म्हणाले, सापडलं एकदाचं, आता तू निर्धास्त जा.

"बाबा, एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"मला शिकवत होतात तेव्हाही पाय तिथंच होता?"

मास्तरांनी आपल्या चपलेकडे पाहिलं.

"म्हणजे चौकात गाडी वेळेवर थांबायची, ती कोण थांबवायचं? मला वाटायचं मी थांबवते. मग एकटी गेले आणि ती थांबलीच नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं तुम्ही ते फाटक सांगताय सगळ्यांना. मला गाडी येते की नाही, हे मला अजून माहीत नाही."

मास्तरांना पुष्कळ बोलता आलं असतं. काळजीपोटी करतो माणूस, असं म्हणता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ते सगळे डॉक्टर आणि दुकानदार आणि सुना जायला लागल्या. लायसन्स हातात घेऊन पहिल्या दिवशी एकटे निघालेले. त्यांतले किती जण कुठल्या फाटकावर गेले असतील, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली.

"माझं चुकलं," ते म्हणाले. घरात हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. लेकीनं मान वर करून पाहिलं.

सोमवारी पहाटे सामान गाडीत चढलं. दुसरा ब्रेक काढून टाकायला मिस्त्रीला अर्धा दिवस तरी लागला असता, तेवढा वेळ नव्हता. लेक पुढच्या सुट्टीत आली की काढू असं ठरलं. तिच्या आईनं खिडकीतून डबा दिला, पोचल्यावर फोन कर म्हणाली. मास्तर अंगणात चुळबुळत उभे होते. अंगात बाहेर जायचा शर्ट होता. दर वेळी ते न विचारता डावीकडचं दार उघडून बसत. आज त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "मी येऊ का सोबत? संध्याकाळच्या बसनं परत येईन."

लेकीनं थोडा वेळ स्टिअरिंगकडे पाहिलं. मग हात लांब करून डावीकडचं दार आतून उघडलं.

मास्तर बसले. पट्टा लावला. मग खाली वाकून त्यांनी चपला काढल्या, त्या सीटखाली सरकवल्या आणि एकेक पाय हातानं उचलून सीटवर घेतला. कुरकुरणारे गुडघे दुमडत, देवळात बसावं तशी त्यांनी मांडी घातली. एक गुडघा दारावर टेकत होता, दुसरा गिअरला लागू नये म्हणून त्यांनी हातानं धरून ठेवला. लेकीनं हे सगळं पाहिलं आणि गाडी सुरू केली.

घाटात एका वळणावर पुढे भरलेला ट्रक अचानक थांबला. मास्तरांचं सगळं अंग ताठ झालं. ते डावीकडे दरीकडे बघत राहिले. लेकीनं ब्रेक लावला. गाडी ट्रकच्या मागे, मध्ये बरंच अंतर ठेवून उभी राहिली.

"पाय खाली घ्या, बाबा," ती म्हणाली. "दुखतील."

"राहू दे," मास्तर म्हणाले.

ट्रक हलेपर्यंत बराच वेळ गेला. मास्तरांच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी मांडी सोडली नाही.