होळीतला कागद

शिमग्याच्या दिवशी अंगणात पडलेलं लाकूड होळीचं! किहीममध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून पुनवेच्या दुपारी शहाणी माणसं पाट, शिडी, मोडकी खाट असं सगळं आत ओढून दाराला कडी घालतात. नाहीतर दुसऱ्या दिवशी राखेतून खिळे वेचत बसायचं, आणि वर कुरकुरही करायची नाही.

रुडूसाहेबाला हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

साहेब जर्मन. खरं नाव रुडॉल्फ वेंकमान, पण एवढं लांब नाव घ्यायला किहीममध्ये सवड कोणाला? चार वर्षं तो मोठ्या लढाईत खंदकात होता. डावा कान तिथेच बहिरा झाला. घरी परतल्यावर त्यानं लढाईवर पुस्तक लिहिलं, आणि त्यात पराक्रम कमी अन् चिखल, भूक, शेजारी मरून पडलेले मित्रच जास्त. पुढे तिकडे नवं राज्य आलं, त्या राज्याला हे पुस्तक खपेना. गेल्या वर्षी भर चौकात ढीग रचून इतर पुस्तकांबरोबर त्याचंही पुस्तक जाळलं. साहेब एक लाकडी पेटी घेऊन निघाला तो मुंबईच्या एका पारशी स्नेह्याच्या किहीमच्या बंगलीत, नारळीच्या वाडीत येऊन टेकला. इथे तो दुसरं पुस्तक लिहीत होता.

चौदा वर्षांच्या कोकिळेला हे सगळं ठाऊक होतं ते तिच्या बामुळे. तिचा बा, दादू, त्याच लढाईत फ्रान्सला गेला होता, इंग्रजांच्या बाजूनं, तोफगोळे वाहायला. परत आला तो ताठ झालेला पाय, इस्पितळातली काठी आणि तोंडाला कुलूप घेऊन. कोकिळेची आई काशी म्हणायची, "लगीन झालं तवा गानी म्हणायचा गो हा मानूस. बोटीतनं उतरला तो मुकाच." कोकिळेनं जन्मात बाचे शब्द ऐकले ते दोनच: "पानी दे" आणि "दिवा लाव".

आणि मग हा गोरा आला. पहिल्याच दिवशी त्यानं काठीकडे बोट दाखवून विचारलं, "कुठे?" दादूनं फ्रान्समधल्या एका गावाचं नाव सांगितलं. साहेबानं आपल्या कानाला हात लावून दुसऱ्या गावाचं सांगितलं. दोन गावांच्या मध्ये म्हणे एक नदी होती, बस्स! त्या दिवसापासून दादू रोज संध्याकाळी साहेबाच्या ओटीवर जाऊन बसू लागला, अर्धं हिंदुस्थानी अन् अर्धं हातवाऱ्यांनी बोलू लागला. उरलेलं घरी येऊन काशीला सांगू लागला. एकदा तर नारळ सोलता सोलता चक्क गुणगुणला! काशीनं पदर डोळ्यांना लावला. कोकिळेला वाटलं, या साहेबाला रोज देवासारखा एक नारळ वाढवला तरी कमीच.

आणि नेमकी त्याचीच पेटी कोकिळेनं उचलली.

सहावीत पहिली आल्यापासून तिला कशाची भीती उरली नव्हती. "पोरींनी लाकडं गोळा करायची नसतात," पोरांच्या टोळीतला सदा म्हणाला. "का? होळी बाईमानूस हाय का बाप्या?" म्हणत ती त्याच्या पुढे झाली. आदल्या दिवशी तिनं साहेबाला बजावलंही होतं, "उद्या लाकडं मागायला येऊ हां!" तो हसून "हो, हो" म्हणाला होता. आता त्याच्या ओटीवर उन्हात उघडी पेटी, आत काठोकाठ वाळकं गवत. साहेब समुद्रावर पोहायला गेलेला. कोकिळेला वाटलं, किती गुणाचा! गवतासकट काढून ठेवलीन् आपल्यासाठी. सदानं पेटी डोक्यावर घेतली, होळीच्या पोटात सारली, वर ओंडके रचले.

ऊन कलल्यावर पूजा झाली. गावचे मानकरी भागोजीबाबा चूड पेटवणार, तोच साहेब ओल्या केसांनी, अनवाणी धावत आला.

"कोकिळा, माझी पेटी? पानं दमट झाली होती. ओल शोषायला गवताखाली ठेवली होती. सगळं पुस्तक!"

कोकिळेनं रचलेल्या ओंडक्यांकडे पाहिलं. आठ महिन्यांचं लिखाण, एकच प्रत.

"होळीत गेलं ते देवाचं," भागोजीबाबा म्हणाले. "माज्या आज्यापासून कुनी काडी काढली न्हाय."

"अन् काढली तर सालभर गावाला भोवंल!" नीराबाई ओरडली. ती साहेबाचा स्वयंपाक करायची, पण होळी ती होळी.

साहेब होळीकडे बघत उभा राहिला. चिडला नाही. हळूच म्हणाला, "तिकडे रागानं जाळलं. इथे सण आहे. हे बरं." आणि खाली बसला.

ते ऐकून कोकिळेला राहवेना. ती पुढे झाली. "बाबा, चूक माजी हाय. पन होळीनं लाकूड मागितलंवतं, कागद कुठं मागितलावता? पेटी जळू द्या, गवत जळू द्या. कागद तेवढा द्या."

"वकील झालीस गो!" कोणीतरी खिंकाळलं. भागोजीबाबांनी टाळू खाजवली. बराच वेळ खाजवली.

"बरं. पन होळीचं पोट रितं ठेवायचं न्हाय. चुकलेल्याच्या घरचं लाकूड पायजे. टाकाऊ न्हाय, जिवापाड जपलेलं."

कोकिळा घराकडे पळणार, तेवढ्यात मागून बा बोलला, अख्ख्या गावासमोर, मोठ्यानं. "हे घ्या."

दादूनं काठी पुढे केली होती. पंधरा वर्षं ती काठी त्यानं काशीलासुद्धा हात लावू दिली नव्हती.

"बा, तू चालशील कसा?"

"ह्यो हाय की," म्हणत त्यानं साहेबाच्या खांद्यावर हात टाकला. "त्याचा कान गेला, माजा पाय. दोगांचा मिळून एक मानूस व्हतो."

ओंडके हलवले, पेटी उघडली, गवताखालून पानांचा गठ्ठा निघाला. काठी आत गेली. चूड लागली. गावानं अशी बोंब ठोकली की साहेबाच्या बहिऱ्या कानालाही ऐकू गेली असेल! दादू आणि साहेब एकमेकांना धरून उभे होते, आणि कोकिळा गठ्ठा छातीशी धरून रडत होती की हसत होती, तिलाच कळत नव्हतं.

दोन वर्षांनी हॉलंडात छापलेलं पुस्तक टपालानं आलं. साहेबानं शिकवलेली जर्मन अक्षरं लावत, अडेल तिथे त्याला विचारत कोकिळेनं पहिलं पान वाचलं: दादू आणि कोकिळा यांस, ज्यांच्यामुळे हे वाचलं.

"काठीचं लिवलंय का?" दादूनं विचारलं.

"अख्खं प्रकरण," साहेब म्हणाला.

त्या शिमग्याला दादूनं पहाटेच पुस्तक फडक्यात गुंडाळून भाताच्या कणगीत पुरलं आणि दाराला कडी घातली. घाईत खाट मात्र अंगणातच राहिली. सदानं ती उचलली, आणि दादू दारात उभा राहून हसत सुटला.