बाजूने, विरोधात आणि मिस अर्लिन

"ब्रोकोली हवी?" मिस अर्लिनने विचारलं.

खिडकीपलीकडच्या आठ वर्षांच्या मुलीने तोंड न उघडता हात वर केला आणि मधलं बोट पहिल्या बोटावर चढवून दाखवलं.

"तुझंही भलं होवो गं बाळा," मिस अर्लिन गहिवरून म्हणाली आणि तिच्या ट्रेमध्ये दोन डाव ब्रोकोली घातली.

"अगं बये, शुभेच्छा नाही देत ती," मागे भांडी विसळणारी बर्नाडीन ओरडली. "तिला शूला लागलीय! त्यांच्यात ती शूची खूण आहे."

तोवर मुलगी ट्रे घेऊन पुढे सरकली होती. तिच्यामागचा मुलगा आला, त्यानेही बोटं चढवली. मिस अर्लिनने या वेळी आशीर्वाद आवरता घेतला.

लँटर्न हिल अकॅडमीत रांगेत बोलायचं नाही, जिन्यात बोलायचं नाही, आणि हा मार्च महिना शिस्तीचा महिना असल्यामुळे जेवतानाही बोलायचं नाही, असा नियम होता. मागचा महिनाही शिस्तीचाच होता. बोलण्याऐवजी खुणा होत्या. पाणी हवं तर तीन बोटं, पेन्सिल हवी तर एक, आणि शेजाऱ्याचं चांगलं व्हावं असं वाटलं तर दोन्ही हातांची बोटं त्याच्या दिशेने झिरमिळवायची. शिवाय या शाळेत मुलांना मुलं म्हणत नसत. विद्वान म्हणत. "विद्वानांनो, हात मागे!" असं जेमतेम चोवीस वर्षांच्या शिक्षिकेने, मिस व्हिटलॉकने, म्हटलं की साठ विद्वान नाकातलं बोट काढून हात मागे घेत.

त्यातली आत्ता शूला लागलेली विद्वान, झारिया, ही मिस अर्लिनची सख्खी नात होती.

मिस अर्लिन स्वतः लँटर्न हिलची नव्हे, खालच्या हार्मन शाळेच्या स्वयंपाकघरातली. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतल्या त्या एकाच लाल विटांच्या इमारतीत दोन शाळा नांदत होत्या. तळमजला आणि पहिला मजला हार्मनचा, म्हणजे साध्या सरकारी शाळेचा. वरचे दोन मजले लँटर्न हिलचे. ती चार्टर शाळा. पैसा सरकारचा, नियम स्वतःचे, आणि प्रवेश लॉटरीने. जिन्यात निळी चिकटपट्टी होती. पट्टीच्या डावीकडून हार्मनची पोरं आरडाओरडा करत उतरायची, उजवीकडून विद्वान चढायचे. स्वयंपाकघर मात्र एकच होतं. भूक लागण्याची पद्धत दोन्ही शाळांत सारखीच निघाल्यामुळे शिक्षण खात्याचा नाइलाज झाला होता.

या इमारतीवरून सगळ्या वस्तीत दोन तट पडले होते. न्हाव्याकडे खुर्चीत बसण्याआधी माणसं अंदाज घेत, कारण वस्तरा हातात असलेल्या माणसाचं मत आधी कळलेलं बरं. चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर कॉफीची दोन टेबलं लागत, एक चार्टरवाल्यांचं, एक विरोधकांचं. पास्टर मधे उभे राहून नुसतं पाणी पीत.

मिस अर्लिनच्या घरातलं टेबल एकच होतं, आणि आता ते तिच्या एकटीसाठी होतं.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी झारियाचं नाव लॉटरीत निघालं, तेव्हा मिस अर्लिनची मुलगी रोशेल आनंदाने भर रस्त्यात रडली होती. त्याच आठवड्यात टीव्हीवाला एक पोरगा शाळेच्या फाटकाशी कॅमेरा घेऊन आला. मिस अर्लिन कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर आलेली. त्याने विचारलं, चार्टरबद्दल काय वाटतं? मिस अर्लिन पाच मिनिटं बोलली. शिक्षकांबद्दल, फुटक्या पाइपांबद्दल, दोन्हीकडच्या गुणी पोरांबद्दल. संध्याकाळच्या बातम्यांत त्यातलं एकच वाक्य आलं: "पेंग्विनसारखी चालतात ती पोरं, आणि आईबाप त्यांना लॉटरीत लावतात, चर्चच्या सोडतीतल्या टर्की कोंबडीसारखं." खाली पट्टी होती: 'अर्लिन टिब्स, विरोधक.'

"टीव्हीवर मला बिनडोक आई म्हणालीस तू," रोशेल फोनवर म्हणाली.

"मी तुझं नाव तरी घेतलं का गं?"

"टर्कीचं घेतलंस!"

"अगं ते तोंडातून निघून गेलं. टर्की वाईट असते का?"

"मम्मा, मी त्याच हार्मनमध्ये शिकले. तू तिथंच होतीस, रोज. चौथीपर्यंत मला वाचता येत नव्हतं हे कुणाच्या लक्षात आलं? तुझ्या आलं?"

मिस अर्लिन म्हणाली, "तू जेवायचीस मात्र छान." हे म्हणायला नको होतं हे फोन बंद झाल्याचा आवाज आल्यावर तिला कळलं.

त्यानंतर रोशेलने रविवारी येणं सोडलं. झारियालाही पाठवणं सोडलं. मिस अर्लिनचा हात मात्र पूर्वीच्याच मापाने चालत राहिला. कोलार्डची पालेभाजी, चीज घातलेली मॅकरोनी, मक्याचा पाव, सगळं तिघींचं. उरलेलं ती तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या मिस्टर ग्रांटना देई. दोन वर्षांत मिस्टर ग्रांट असे काही रुंदावले की आता ते लिफ्टमध्ये शिरले की बाकीचे जिन्याकडे वळत. ते मिस अर्लिनला भेटले की न चुकता विचारत, "काय, समेट वगैरे नाही ना झाला?" आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उजळे.

म्हणजे आता उरली होती ती एवढी खिडकी. सकाळी साडेदहाला (कारण वेळापत्रकात विद्वानांच्या जेवणाला तीच वेळ मिळाली होती) झारिया ट्रे धरून समोर यायची, डोळे वर करायची आणि पुढे सरकायची. तेवढ्यात मिस अर्लिनला दिसायचं की वेणीतले मणी बदललेत, की एक दात पडलाय, की उंची खिडकीच्या कठड्याच्या वर गेलीय.

आणि आता ती खिडकीही जाणार होती. लँटर्न हिलने सगळी इमारत मागितली होती. मिळाली, तर हार्मन शाळा बंद, स्वयंपाकघर बंद, विद्वानांना बाहेरून डबे येणार. नाही मिळाली, तर लँटर्न हिल इथून निघून पार कनार्सीला जाणार, झारियासकट.

"म्हणजे तुझं दोन्हीकडून मरण," बर्नाडीनने हिशेब मांडला.

"मेले सगळे भांडतात तेच बरंय," मिस अर्लिन म्हणाली. "निकाल लागला की संपलं."

सगळ्या ब्रुकलिनमध्ये हे भांडण कधीच मिटू नये असं मनापासून वाटणारी ती एकटीच असावी. वकील सोडून.

जनसुनावणी गुरुवारी संध्याकाळी शाळेच्याच सभागृहात होती. बर्नाडीनने मिस अर्लिनला विरोधकांचा निळा टीशर्ट घालायला लावला. दारात एका हसऱ्या मुलीने चार्टरवाल्यांचा नारिंगी टीशर्ट तिच्या हातात कोंबला, वर एक सँडविचही दिलं. हॉलमधला हीटर बंद होता. अर्ध्या तासात मिस अर्लिनने निळ्यावर नारिंगी चढवला. मग निळ्यांकडून कुजबुज आली, म्हणून निळा वर आणि नारिंगी आत केला. मग नारिंगी लोकांतल्या एकीने ते पाहून नाक मुरडलं. शेवटी एक तिने अंगात ठेवला आणि दुसरा मफलरसारखा गळ्यात गुंडाळला. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने तिचे सहा फोटो काढले.

"तू नेमकी कुणाची आहेस?" बर्नाडीन फिस्कारली.

"मला थंडी वाजतेय."

मंचावर समितीचे नऊ जण बसले होते, मधोमध अध्यक्ष मिस्टर ड्वोरकिन. हजार सुनावण्या ऐकून झालेल्या माणसाचे कान जसे खाली ओघळतात तसे त्यांचे ओघळले होते. त्यांनी ठराव वाचला: "लँटर्न हिलच्या विस्ताराला पूर्वी दिलेला नकार मागे न घेण्याबाबतचा निर्णय रद्द करण्यास स्थगिती देण्याचा ठराव." प्रत्येकाने माइकवर येऊन नाव सांगायचं, ठरावाच्या बाजूने की विरोधात ते सांगायचं, आणि दोन मिनिटं बोलायचं. एका बाईच्या हातात लाल पाटी होती, वेळ संपली की ती वर करायची.

ठराव कुणालाच कळला नव्हता. निळ्या टीशर्टातला एक बाप्या कपाळाच्या शिरा ताणून चार्टरवर तुटून पडला आणि शेवटी गरजला, "म्हणून माझा विरोध!" मिस्टर ड्वोरकिननी त्याला शांतपणे सांगितलं की आपण आत्ता चार्टरच्या बाजूने मत दिलंत. नारिंगी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक नारिंगी आई आली, तिच्या मुलाला आता वाचता येतं, पदपथावर पडलेल्या पावत्यासुद्धा तो मोठ्याने वाचतो, असं सांगून तिने डोळे पुसले आणि ठरावाला पाठिंबा दिला. तीही चुकली होती. तिला सावरायला एक निळी बाई उठली, कारण तिचा मुलगाही पावत्या वाचायचा.

तिसऱ्या रांगेत नारिंगी टीशर्टात रोशेल बसलेली मिस अर्लिनला दिसली. बारीक झाली होती. केस कापले होते. कधी कापले?

"अर्लिन टिब्स!"

मिस अर्लिन माइकपाशी गेली. सभागृहाने तिचा गळा पाहिला, मग अंग पाहिलं, आणि टाळ्या वाजवायच्या की नाही याबद्दल दोन्ही बाजूंचा गोंधळ झाला.

"बाजूने की विरोधात?" मिस्टर ड्वोरकिननी विचारलं.

"कशाच्या?"

हशा पिकला. मिस्टर ड्वोरकिननी ठराव पुन्हा वाचला.

"अजून एकदा वाचता?"

"वेळ चालू आहे, मॅडम."

"बरं." मिस अर्लिनने माइक खाली ओढला. "मग माझं असं म्हणणं आहे की तुम्ही काही ठरवूच नका. भांडू दे सगळ्यांना. पुढच्या वर्षी परत बोलवा, मी येईन. सँडविच चांगलं होतं."

पुन्हा हशा. ती तो संपायची वाट पाहत थांबली.

"वरच्या शाळेतली एक मुलगी रोज माझ्यापुढे ट्रे धरते. तिला बोलायची परवानगी नाही. मला आहे. म्हणून मी विचारते, ब्रोकोली हवी? तिला ब्रोकोली आवडत नाही, मला माहितीय. लहानपणी माझ्याच अंगावर थुंकायची. पण मागे रांग असते, सगळे भुकेले असतात. तेवढ्यात दुसरं काय विचारणार? घरी सगळं ठीक आहे का, असं विचारलं तर त्याला बोटांची खूण नाहीये त्यांच्याकडे."

मिस अर्लिनने गळ्यातला टीशर्ट सारखा केला.

"कुठली शाळा चांगली ते मला कळत नाही. मला कळायला हवं होतं तेव्हा कळलं नाही. माझी स्वतःची मुलगी माझ्याच हातचं जेवून वर्गात जायची आणि तिथं काय होतंय ते मी विचारलं नाही. पोट भरलंय म्हणजे झालं, असं मला वाटायचं. म्हणून म्हणते, ठरवू नका. मला अजून थोडे दिवस..."

लाल पाटी वर गेली.

"धन्यवाद. बाजूने की विरोधात?"

"नाही," मिस अर्लिन म्हणाली आणि बाजूला झाली. जागेवर जायला रांगांमधून वाट नव्हती, म्हणून ती भिंतीलाच टेकून उभी राहिली.

निकाल काय लागणार हे तसं ठरलेलंच होतं. मंचावरच्या नऊ जणांपैकी पाच जण फोनमध्ये डोकं घालून होते, आणि हार्मनची बाकं कुठल्या शाळेला पाठवायची हे म्हणे आधीच ठरलं होतं. रात्री मतं पडली, इमारत लँटर्न हिलला मिळाली, आणि सप्टेंबरमध्ये मिस अर्लिनची बदली क्वीन्समधल्या एका हायस्कूलच्या स्वयंपाकघरात झाली, जिथे पोरं इतकी बोलतात की ब्रोकोली हवी का ते विचारताच येत नाही. पण ते सगळं नंतर. त्याआधी पुढचं नाव पुकारलं गेलं होतं, ते रोशेल टिब्सचं.

रोशेल माइकपाशी आली. तिने भिंतीकडे पाहिलं नाही.

"मी विस्ताराच्या बाजूने. ठरावाच्या कुठल्या बाजूला ते तुम्हीच बघा," ती म्हणाली. "माझी मुलगी आठ वर्षांची आहे. ती झोपताना मला वाचून दाखवते. मी नाही, ती मला. मला तिच्या वयात येत नव्हतं. मी याच इमारतीत शिकले, तळमजल्यावर. इथे मी एक दिवसही उपाशी राहिले नाही. तेवढं एक..."

ती थांबली. हातातल्या कागदावर पुढे बरंच काही होतं. तिने तो घडी करून खिशात घातला.

"माझं झालं. माझा उरलेला वेळ मी आधीच्या बाईंना देते. त्यांचं वाक्य अर्धं राहिलं."

मिस्टर ड्वोरकिननी शेजारच्या बाईच्या कानाशी काही विचारलं. शेजारच्या बाईने मान हलवली.

"क्षमा करा, मिस टिब्स. वेळ दुसऱ्याला देता येत नाही. तसा नियम आहे."

"का पण?"

"लोक विकतील."

"बरं," रोशेल म्हणाली. "पण वेळ माझाच आहे ना?"

"आहे. अजून मिनिटभर आहे."

"मग असू दे."

ती माइक सोडून गेली नाही. काही बोललीही नाही. मिस अर्लिन भिंतीपासून निघाली, दोन पावलं टाकून थबकली, नियम आठवून पाहिला, येऊन उभं राहण्याबद्दल त्यात काही नव्हतं, आणि ती येऊन माइकच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. रोशेलच्या मानेवर, कापलेल्या केसांच्या खाली, लहानपणीचा तीळ उघडा पडला होता. मिस अर्लिन तो बघत राहिली. रोशेल समोर बघत राहिली. मागे कुणाचं तरी बाळ कुरकुरलं आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.

लाल पाटी वर गेली. बाईने ती बराच वेळ तशीच धरून ठेवली, मग हात दुखला असावा, खाली घेतली.

मिस्टर ड्वोरकिननी घसा साफ करून पुढचं नाव पुकारलं. मागच्या रांगेतून एक उंच माणूस कागद सावरत उठला, माइकपाशी दोघी अजून उभ्याच आहेत हे त्याने पाहिलं, आणि तो परत खाली बसला.