गार्ड मिळेपर्यंत उपास

अमळनेरच्या हीराबाईंचं नाव गावात दोन गोष्टींसाठी निघायचं, पापड आणि उपास. पर्युषणात आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढणारी ही बाई सातव्या दिवशीही जिन्याच्या कठड्याला हात लावायची नाही. नवरा पुखराजशेठ सरकीच्या तेलाचे व्यापारी. अशा घरातली बाई तुरुंगाच्या पाहणी समितीवर असली की समितीला शोभा येते, म्हणून तिला तुरुंगाची अभ्यागत नेमलं. महिन्यातून एकदा बायकांची बरॅक बघायची आणि वहीत शेरा लिहायचा, एवढंच काम. तुरुंग कुठल्या गावचा ते विचारू नका, सांगणार नाही.

पहिले तीन महिने हीराबाईंनी सरळ पाट्या टाकल्या. साड्या वाटल्या, लाडू वाटले, साहेबांच्या खोलीत पंख्याखाली बसल्या, आणि कारकुनानं आधीच लिहून ठेवलेल्या ‘सर्व समाधानकारक’ या शेऱ्याखाली न वाचता सही केली.

चौथ्या खेपेला लाडू देताना एका बाईनं त्यांचं मनगट धरलं. ती बेबाबाई, चोपड्याकडची, केळीच्या बागेत मजुरी करणारी. नवऱ्याच्या मृत्यूच्या प्रकरणात आत आली होती आणि खटला अजून उभाही राहिला नव्हता.

“लाडू नको, अक्का,” ती म्हणाली. “माले छातीमा गाठ शे. चार महिना व्हई गयात, दवाखानामा कोणी लई जात नही. मागला महिनाले बी मी तुमले सांगत व्हती. तुमी साडी दिधी आनि निंघी गयात.”

हीराबाईंना आठवलं. ही बाई खरंच काहीतरी बोलत होती, आणि आपण ‘हो हो’ म्हणत पुढे गेलो होतो. त्यांना लाज वाटली. इतकी, की हातातला डबा त्यांनी तिथंच खाली ठेवला.

पहाऱ्यावरच्या सारिकानं हळू आवाजात सांगितलं, “डॉक्टर दर वेळी चिठ्ठी देतात, मॅडम. पण कैद्याला बाहेर न्यायचं तर पोलिसांचा गार्ड लागतो.”

हीराबाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दवाखान्याचं रजिस्टर मागितलं. बेबाबाईच्या नावापुढे सोळा आठवडे एकच ओळ होती, ‘गार्ड उपलब्ध नाही’. साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. ते थकून म्हणाले, “मी दर आठवड्याला पत्र पाठवतो. कधी सभा असते, कधी मंत्र्यांचा दौरा. गार्ड मी कुठून आणू?”

“शिक्षा द्यायची की नाही ते कोर्ट ठरवेल,” हीराबाई म्हणाल्या. “आजार अंगावर काढायची शिक्षा हिला कुणी दिली?”

साहेबांनी बशी पुढे केली. “कचोरी घ्या. कांदा-लसूण नाही, मुद्दाम सांगून करवलीय.”

“आता नाही. बेबाबाई दवाखान्यात जाईपर्यंत अन्न बंद. आमच्यात याला अभिग्रह म्हणतात. मनाशी अट धरायची, ती पुरी झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही.”

“म्हणजे तुम्ही आमच्याविरुद्ध उपोषणाला बसणार?”

“तुमच्याविरुद्ध कशाला? सह्या मी केल्यात. उपास माझा आहे.”

दुसऱ्या दिवशी दहाला त्या उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि कचेरीबाहेरच्या खुर्चीवर पाचपर्यंत बसून राहिल्या. पुखराजशेठांचा फोन आला, “अगं, नेमणूक शोभेची होती. तू ती खरी समजलीस.”

“तीन महिने मीही शोभेचीच समजत होते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी डोकं ठणकायला लागलं. पर्युषणात सगळं घर पाठीशी असतं, इथं समोर नुसती भिंत होती. उठावं, निवेदन द्यावं आणि घरी जावं, असं एकदा मनात आलं. तेवढ्यात सारिका निरोप घेऊन आली, “बेबाबाई म्हणते, अक्काले सांगा, जेवा. मी आजून जिती शे.” हीराबाईंनी पदर सावरला आणि खुर्ची भिंतीच्या सावलीत ओढून घेतली.

तिसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. सून पलकनं सकाळी जैन स्थानकात, प्रवचनाला जमलेल्या बायकांना सहज सांगितलं की सासूबाईंचा तिसरा उपास आहे, तोही तुरुंगात. आता कुणी तप धरलं की घरी जाऊन त्याची साता, म्हणजे खुशाली, विचारायची हा रिवाज. तपस्विनी तुरुंगात असेल तर बायका तुरुंगात जातील, त्यात काय? अकराच्या सुमारास फाटकाशी गाड्या लागल्या, मागून रिक्षा आल्या. काठापदराच्या चाळीस बायका हात जोडून उभ्या. “साता आहे ना, हीराबेन?”

साहेब धावत आले. “मॅडम, यांना परत पाठवा.”

“साता विचारायला आलेल्यांना परत कसं पाठवू? पाप लागतं,” हीराबाई म्हणाल्या. “आणि आज अमळनेरच्याच आल्यात. उद्या माझ्या माहेरच्या, धुळ्याच्या येतील.”

साहेबांनी पोलीस मुख्यालयाला फोन लावला. सोळा आठवडे न मिळालेला गार्ड पाऊण तासात हजर झाला.

दवाखान्यात हीराबाई बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गाठीत सुई घालून नमुना घेतला. “उशीर केलात,” त्या म्हणाल्या, “पण हाताबाहेर गेलेलं दिसत नाही. सोमवारी ऑपरेशन.” व्हॅनमध्ये चढताना बेबाबाईनं हीराबाईंचं मनगट पुन्हा एकदा धरलं.

धरलेला दिवस पुरा करायचा, म्हणून पारणं, म्हणजे उपास सोडणं, दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर होतं. पलकनं घरून मुगाचं पाणी तुरुंगात आणलं होतं. पहिला घोट आपल्या माणसानं द्यायचा असतो. हीराबाईंनी बेबाबाईला कचेरीत आणायला सांगितलं.

बेबाबाई वाटी घ्यायला तयार होईना. “मी जेलमानी बाई शे, अक्का.”

“म्हणून तर,” हीराबाई म्हणाल्या आणि तिच्या हातून पाणी प्यायल्या.

मग कारकुनानं वही पुढे केली. शेरा लिहिलेला नव्हता. या खेपेला त्याची छाती झाली नाही. हीराबाईंनी स्वतः लिहायला घेतलं.

“काय लिखं?” बेबाबाईनं विचारलं.

त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, “‘मागचे तीन शेरे मी काही न बघता दिले. ते खोटे आहेत.’”

बेबाबाईनं वहीकडे बोट केलं. “सोमवारनं बी लिखा.”

हीराबाईंनी सोमवारचं ऑपरेशन लिहिलं, गार्डची वेळ लिहिली, साहेबांना ती ओळ दाखवली. मग पहिल्या अक्षरापासून सगळं पुन्हा वाचलं आणि सही केली.